कागद कुठे ठेवायचा?

सॉफ्टवेअर अडते तेव्हा ते चालवणारा माणूस आधी कोड उघडत नाही, कागद शोधतो. हा प्रोग्राम नेमके काय करतो, त्याच्या सेटिंगची फाइल कोणती आणि तिच्यात काय लिहायचे, मागच्या आवृत्तीपर्यंत चालणारी गोष्ट या आवृत्तीत का थांबली, हे सॉफ्टवेअर कोणत्या अटींवर वापरता येते, असे त्याचे प्रश्न असतात. उत्तरे बहुतेक वेळा कोणीतरी लिहून ठेवलेली असतात, पण ती सापडत नाहीत. एक उत्तर ‘रीडमी’ नावाच्या फाइलीत असते, दुसरे कोडमधल्या टिपेत, तिसरे कंपनीच्या विकीवर आणि चौथे नोकरी सोडून गेलेल्या कोणाच्या ईमेलमध्ये. म्हणून ‘डॉक्युमेंटेशन लिहा’ हा नेहमीचा उपदेश मला अपुरा वाटतो. कोणता कागद कुठे राहील हे लिहिण्याच्या आधी, निदान लिहिता लिहिता, ठरले पाहिजे. आणि ते लिहिणाऱ्याच्या सोयीने ठरवून चालत नाही. विचारायला येणारा कोण आहे आणि कोणता प्रश्न घेऊन येतो, यावरून ते ठरवावे लागते. या प्रकरणात मांडायचा मुद्दा एवढाच आहे. त्याला पुरावा भरपूर आहे, आणि त्यावरचे आक्षेपही दुबळे नाहीत.

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न सर्वांत दाटीने जिथे पडतो ती जागा मुळशी तालुक्यात आहे. हिंजवडी, माण, मारुंजी या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले. तिथल्या कामाचा मोठा भाग दुसऱ्यांनी लिहिलेले सॉफ्टवेअर सांभाळण्याचा आहे. ते लिहिणारे कधी दुसऱ्या कंपनीतले असतात, कधी दुसऱ्या खंडातले. करार संपतो, टीम बदलते, माणूस नोटीस पीरियड भरून निघून जातो. जाण्यापूर्वी ‘केटी’ होते, म्हणजे जाणारा येणाऱ्याला बसून सगळे समजावून सांगतो. केटी उपयोगी असते, पण तिच्यातून उरते ते ऐकणाऱ्याच्या लक्षात राहिले तेवढेच. जो प्रश्न त्या दिवशी कोणाला सुचला नाही, त्याचे उत्तर जाणाऱ्याबरोबर जाते. सहा महिन्यांनी रात्री प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष वापरातली यंत्रणा, बंद पडते तेव्हा समोर बसलेला माणूस मूळ लेखकाला ओळखत नसतो आणि केटी देणाऱ्यालाही. त्याच्यासाठी तयार केलेली मांडणी कशी असावी, हा खरा प्रश्न आहे.

याच तालुक्यात दप्तराची कितीतरी जुनी पद्धत रोज चालू असते, आणि तिच्याकडे सॉफ्टवेअरच्या माणसाने नीट पाहावे असे मला वाटते. तलाठ्याचे, म्हणजे ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याचे, दप्तर गाव नमुन्यांत वाटलेले असते. नमुन्यांना १ ते २१ असे क्रमांक आहेत आणि काहींना अ, ब, क, ड असे पोटनमुने आहेत. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कोणाची, किती, कोणत्या भोगवट्याची. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. या दोहोंचा मिळून सातबारा होतो. नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही. जमीन विकली गेली, वारस लागले, बोजा चढला की ती घटना आधी सहामध्ये येते. तिला क्रमांक पडतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतींसाठी पंधरा दिवस ठेवतात, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मगच सातवर नाव बदलते. त्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो. पूर्वीच्या हस्तलिखित उताऱ्यांवर तो वर्तुळात असे. म्हणजे आज काय आहे ते एका ठिकाणी, ते तसे कसे झाले ते दुसऱ्या ठिकाणी, आणि पहिल्यावरून दुसऱ्याकडे जाण्याची खूण जागच्या जागी. हरकत आलेली प्रकरणे सहा-अ मध्ये, वारसाची सहा-क मध्ये. एखाद्या खातेदाराची गावात मिळून किती जमीन आहे, हा प्रश्न सातवरून सुटत नाही, कारण सात गटवार असतो. त्यासाठी आठ-अ आहे. माहिती तीच आहे, पण विचारणारा वेगळ्या बाजूने येतो म्हणून त्याच्यासाठी वेगळा नमुना केला आहे. नियमांची पुस्तके आणि शासनाचे आदेश यांची नोंदसुद्धा सोळाव्या नमुन्यात आहे. दप्तर कसे ठेवायचे हे सांगणाऱ्या कागदांनाही दप्तरात ठरलेली जागा आहे.

या रचनेचे मोल तलाठी बदलतो तेव्हा कळते. भोरहून बदलून पौडला आलेल्या माणसाला गावातले एकही कुळ माहीत नसेल, पण फेरफार कुठे शोधायचा हे कोणाला विचारावे लागत नाही. वकिलाला, बँकेच्या अधिकाऱ्याला आणि शेतकऱ्यालाही ते माहीत असते. एखाद्या जमिनीचा पाच-सहा दशकांचा इतिहास काढणारा माणूस सातबाऱ्यावरच्या क्रमांकांचा माग घेत मागे मागे जातो. आधीच्या एकाही तलाठ्याला त्याने भेटायची गरज पडत नाही. हिंजवडीत ज्या शेतांची अकृषिक जमीन झाली, त्यांच्या संगणकीकृत उताऱ्यावर ‘या क्षेत्रासाठी नमुना बाराची आवश्यकता नाही’ अशा अर्थाची सूचना येते. पिकांचा कागद का नाही, हेही त्याच जागी सांगितलेले असते. एखादा कागद नसण्याचे कारणसुद्धा कागदावर असणे, हे चांगल्या दप्तराचे लक्षण मानावे लागेल.

सॉफ्टवेअरमध्ये हीच बुद्धी फार लवकर दिसली होती. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचे युनिक्सचे पहिले मॅन्युअल काढले, तेव्हाच ते विभागांत वाटले होते: पहिल्यात आज्ञा, दुसऱ्यात सिस्टिम कॉल, तिसऱ्यात सबरुटिन, पाचव्यात फाइलींचे स्वरूप, असे. हे क्रमांक थोड्याफार फरकाने आजही टिकून आहेत. ‘पासवर्ड’साठीच्या ‘पासडब्ल्यूडी’ या नावाची दोन पाने आज लिनक्सवर सापडतात. पहिल्या विभागातले पान स्वतःचा पासवर्ड बदलू पाहणाऱ्याला आज्ञा कशी द्यायची ते सांगते. पाचव्या विभागातले पान त्याच नावाच्या फाइलीत कोणत्या रकान्यात काय असते ते सांगते, आणि ते यंत्र सांभाळणाऱ्यासाठी असते. विषय एकच असला तरी वाचणारे दोन आहेत, म्हणून पाने दोन. प्रत्येक पानाच्या आतही मथळे ठरलेले असतात: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फाइली, आणि ‘बग्ज’. आपल्या प्रोग्राममधले दोष स्वतःच लिहायला पहिल्या मॅन्युअलपासून जागा राखली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जागा राखली की लिहिणाऱ्यावर ती भरण्याची जबाबदारी येते.

पुढे सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये बांधून वाटले जाऊ लागले. पॅकेज म्हणजे प्रोग्राम, त्याची सेटिंग आणि त्याचे कागद यांचा एकत्र बसवता येणारा गठ्ठा. आता कागद लिहिणारेही दोन झाले: मूळ लेखक आणि गठ्ठा बांधणारा. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स वितरणाने यासाठी केलेली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. प्रत्येक पॅकेजचे कागद ‘यूएसआर’मधल्या ‘शेअर’मधल्या ‘डॉक’ या फोल्डरात, पॅकेजच्याच नावाच्या उपफोल्डरात जातात. तिथे ‘कॉपीराइट’ ही फाइल सक्तीची. मूळ लेखकाचा चेंजलॉग वेगळा आणि डेबियनने केलेल्या बदलांचा चेंजलॉग वेगळा. मूळ रीडमीशिवाय ‘रीडमी.डेबियन’ असू शकते, आणि तिच्यात डेबियनमध्ये हा प्रोग्राम कुठे वेगळा वागतो तेवढेच असते. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या नियमांनी त्याआधीच चेंजलॉग आणि ‘न्यूज’ यांत भेद केला होता: चेंजलॉगमध्ये कोडमधला बारीकसारीक बदल, न्यूजमध्ये वापरणाऱ्याला जाणवेल तेवढाच. फेरफार नोंदवही आणि सातबारा यांच्यात जे अंतर आहे, त्याच्या जवळ जाणारी ही विभागणी आहे. अनेक कंपन्यांत रिलीज नोट्सच्या नावाखाली टिकेटांचे क्रमांक जसेच्या तसे उतरवले जातात, तेव्हा हा भेद पुसला जातो. वाचणाऱ्याला आपले काय बिघडेल हे जाणून घ्यायचे असते, आणि हातात मात्र दोनशे फेरफार पडतात.

ठरलेली जागा बदलणे किती महाग पडते हेही या इतिहासात नोंदलेले आहे. डेबियनचे कागद पूर्वी ‘यूएसआर’मधल्या ‘डॉक’मध्ये थेट असत. फाइलींच्या जागांविषयीच्या समाईक मानकाने, म्हणजे फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डने, ते ‘शेअर’च्या आत नेले. ज्या फाइली कोणत्याही प्रकारच्या प्रोसेसरवर तशाच चालतात त्या ‘शेअर’मध्ये, हे त्यामागचे कारण होते आणि ते बरोबरही होते. पण हजारो पॅकेजे एका दिवसात हलत नाहीत. काही जुन्या जागी, काही नव्या, अशा अवस्थेत वापरणाऱ्याने कुठे पाहायचे? हा वाद डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेला. १९९९ मध्ये असे ठरले की कागद नव्या जागी ठेवावेत आणि प्रत्येक पॅकेजने जुन्या जागी नव्याकडे नेणारा दुवा ठेवावा. एका फोल्डरच्या स्थलांतरासाठी हे दुवे पुढे बराच काळ वागवावे लागले. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणाची गोष्ट याहून साधी आहे. तिथे कागदांच्या फोल्डराच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असे, म्हणजे प्रत्येक अपडेटबरोबर कागदांचा पत्ता बदले. डिसेंबर २०१३ च्या फेडोरा २० पासून तो क्रमांक काढून टाकला. मजकूर एका अक्षरानेही बदलला नाही, तरी कागद शोधणाऱ्याचे काम सोपे झाले.

यावर पहिला आक्षेप आजच्या काळाचा आहे. यंत्रातली फाइल उघडतो कोण, सगळे तर वेबवर शोधतात, आणि आता तर एआयला विचारले की उत्तर मिळते. हे खरे आहे, आणि वेबवरचे कागद अनेकदा अधिक चांगले लिहिलेले असतात. पण वेबचे पान शक्यतो ताज्या आवृत्तीचे असते, आणि सर्व्हरवर बसलेली आवृत्ती चार वर्षांपूर्वीची असू शकते. सांभाळण्याच्या कामात ती तशीच असते, कारण चालणाऱ्या यंत्रणेला कोणी विनाकारण हात लावत नाही. नव्या आवृत्तीचा पर्याय जुन्यावर देऊन पाहणे, हे चुकीच्या गटाचा सातबारा घेऊन मोजणीला उभे राहण्यासारखे आहे. पॅकेजबरोबर आलेले पान निदान त्याच आवृत्तीचे असते. शिवाय बँका आणि विमा कंपन्यांच्या अनेक सर्व्हरना बाहेरचे इंटरनेट मुद्दाम बंद ठेवलेले असते. वेबचे पानही कायमचे नसते. गूगल कोड ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्यावर विकी ठेवलेल्या प्रकल्पांना ते आधीच हलवावे लागले होते, आणि ज्यांचे चालक निघून गेले होते त्यांच्या कागदांसाठी धावणारे कोणी नव्हते. एआयचे उत्तर आवृत्त्यांची सरमिसळ करू शकते. त्याच्या हाती नेमक्या आवृत्तीचे कागद दिले तर ते अधिक नेमके बोलते, म्हणजे पुन्हा कागद जागेवर असण्याचाच प्रश्न येतो.

दुसरा आक्षेप जागेचा आहे, आणि तो क्लाउडवर काम करणाऱ्यांकडून येतो. कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रामसाठी बांधलेल्या बंदिस्त खोक्यात, तो एकटा धावतो, तिथे मॅन्युअल वाचायला कोणी बसत नाही, मग हजारो कंटेनरांत ते ओझे कशाला? म्हणणे योग्य आहे. डेबियनच्या ‘स्लिम’ नावाच्या हलक्या कंटेनर-प्रतिमांमधून कागद वगळलेले असतात. फेडोरा वापरते त्या आरपीएम या पॅकेज-पद्धतीत ‘नोडॉक्स’ असा पर्याय देता येतो. उबुंटू या लिनक्स वितरणाने आपल्या हलक्या प्रतिमांसाठी कागद परत आणणारी ‘अनमिनिमाइज’ नावाची आज्ञा केली. पण हे सगळे शक्य कशामुळे झाले, ते पाहा. सर्व पॅकेजांचे कागद एका ठरलेल्या फोल्डरात असल्यामुळे एका ओळीच्या नियमाने ते वगळता येतात. आणि डेबियनच्या धोरणात एक अट आहे: कागदांचे फोल्डर नसले तरी प्रोग्राम चालला पाहिजे. मांडणी नसती तर वगळताना काय मोडेल हे कोणी सांगू शकले नसते. त्याच ‘स्लिम’ प्रतिमांमध्ये ‘कॉपीराइट’ फाइल मात्र राखून ठेवतात, कारण परवान्याच्या अटी प्रोग्रामबरोबर जाणे ही कायद्याची गरज आहे. फेडोरानेही पुढे परवान्यांसाठी कागदांपासून निराळे फोल्डर केले, म्हणजे ‘नोडॉक्स’ने बाकीचे गेले तरी परवाना राहतो. कोणता कागद सोडता येतो आणि कोणता नाही, हा विवेक कागद आधी वेगळे केलेले असले तरच करता येतो. म्हणून हा आक्षेप मला माझ्या बाजूचाच पुरावा वाटतो.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मला अधिक झगडावे लागते. ठरावीक नावांच्या फाइलींची सक्ती केली की लोक रिकाम्या फाइली करून ठेवतात. हे घडलेले आहे. ग्नूचे ऑटोमेक हे साधन त्याच्या नेहमीच्या कडक पद्धतीत न्यूज, रीडमी, ऑथर्स आणि चेंजलॉग या फाइली मागते, आणि त्या नसतील तर पुढे जात नाही. घाईत असलेला माणूस शून्य बाइटच्या फाइली तयार करून मोकळा होतो. डेबियनच्या ‘लिंटियन’ या तपासनीस प्रोग्रामला कागदांच्या फोल्डरातल्या अशा शून्य बाइटच्या फाइलींसाठी वेगळा इशारा ठेवावा लागला. साचा माणसाला लिहायला लावू शकत नाही, हे मान्य करावे लागते. तरी कोरी जागा आणि ‘नाही’ अशी नोंद यांत फरक असतो, आणि आपल्या सरकारी दप्तराला तो ठाऊक आहे. मासिक अहवालात सांगण्यासारखे काही नसेल तर तिथे ‘निरंक’ लिहितात. कोऱ्या रकान्यावरून लिहिणारा विसरला की खरेच काही नव्हते ते कळत नाही. ‘निरंक’ म्हटले की कोणीतरी पाहिले आणि जबाबदारी घेतली एवढे तरी कळते. ‘या आवृत्तीत वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल नाही’ हे एक वाक्य न्यूजमध्ये असणे त्याच मोलाचे आहे. ते लिहायला अर्धा मिनिट लागतो, आणि अपडेट करावे की नाही यावर विचार करणाऱ्याचा तासभर वाचतो.

उरला तो सर्वांत गंभीर आक्षेप: जागा बरोबर, पण मजकूर चुकीचा. नीट मांडलेल्या चुकीच्या कागदावर विश्वास जास्त बसतो, म्हणून तो अधिक घातक. महसूल कायद्याने याचा विचार केलेला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, आणि लेखनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी कलम १५५ आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर आणताना ज्या विसंगती निघाल्या त्यांच्या दुरुस्त्या याच वाटेने झाल्या. विसंगती निघू शकल्या, कारण हस्तलिखित नमुना सात कोणत्या संगणकीय उताऱ्याशी ताडायचा हे उघड होते. सॉफ्टवेअरमध्ये कागद कोडच्याच साठ्यात ठेवले, कोड बदलणाऱ्याने त्याच बदलात कागदही बदलायचा असा नियम केला आणि तपासणाऱ्याने दोन्ही पाहिल्याशिवाय बदल मान्य केला नाही, तर चूक आत शिरण्याच्या जागा कमी होतात. पायथनमध्ये ‘डॉकटेस्ट’ नावाची सोय आहे. ती कागदातली उदाहरणे प्रत्यक्ष चालवून उत्तरे जुळतात का ते पाहते. विकीवर, कोडपासून दूर राहिलेल्या पानाची अशी परीक्षा घेता येत नाही. विकी चर्चेसाठी, निर्णयांच्या टिपणांसाठी चांगली आहे. रात्री प्रॉडक्शन उभे करण्याचे रनबुक, म्हणजे पायरीपायरीची कृती, मात्र कोडबरोबर असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीसाठीही मांडणीचा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मॅन्युअलच्या पानांसाठी फाइलींच्या जागांच्या त्याच मानकाने भाषेप्रमाणे उपफोल्डरांची सोय ठेवली आहे, आणि मराठीचा दोन अक्षरी संकेत ‘एमआर’ त्यात सहज बसतो. मेनू आणि संदेश यांची भाषांतरे कोडपासून वेगळ्या फाइलींत राहतात, म्हणूनच प्रोग्राम लिहिता न येणाऱ्या मराठी माणसांना ग्नोम, केडीई हे डेस्कटॉप आणि फेडोरा यांचे मेनू मराठीत आणता आले. पुण्यातल्या कार्यकर्त्यांचा आणि अभियंत्यांचा त्यात मोठा वाटा आहे. कागदांचे भाषांतर मागे राहिले. कारण कामाचा आकार आहे, आणि तो आकार मांडणीने कमी करता येतो. वापरणाऱ्याचे, यंत्र सांभाळणाऱ्याचे आणि प्रोग्रामरचे कागद एकाच जाड पीडीएफमध्ये असतील तर भाषांतर करणाऱ्यापुढे सगळे किंवा काहीच नाही एवढेच पर्याय उरतात. ते वेगळे असतील तर सिस्टिम कॉलची पाने इंग्रजीत ठेवून रीडमी, न्यूज आणि पहिल्या विभागातली पाने आधी घेता येतील. शाळेत, दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत सॉफ्टवेअर चालवणाऱ्याला लागतात ती तेवढीच. त्यातही सुरुवात न्यूजपासून करावी, कारण अपडेटनंतर काल चालणारे बटण आज कुठे गेले हे तिच्यात असते आणि प्रत्येक आवृत्तीला ती जेमतेम पानभर भरते.